चंद्रापुरती आठवण, अर्जात जागा नाही

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा होता आणि रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. मी पुण्यात होते. बॅग भरून झाली होती, स्वारगेटहून कराडची एसटी पकडायची होती. दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चाचा. मशिदीच्या कमिटीवर आहेत.

"बेटा, आज चांद दिखेगा क्या?"

मी म्हटलं, दिसेल. अमावास्येचा क्षण काल दुपारी साडेचारच्या सुमारास होऊन गेला. आज सूर्य मावळेल तेव्हा चंद्राचं वय सव्वीस तास झालेलं असेल. पश्चिमेला ढग नसले तर गच्चीवरून साध्या डोळ्यांनी दिसेल. चाचा खूश झाले. "माशाअल्लाह! अपने मोहल्ले की साइंटिस्ट है." संध्याकाळी चंद्र दिसला आणि दुसऱ्या दिवशी ईद झाली.

असा फोन मला वर्षातून दोनदा येतो. रमजान लागताना एकदा आणि संपताना एकदा. त्याचं मला वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेल्या माणसाच्या मुलीला मशिदीच्या कमिटीने आकाशाबद्दल विचारावं, ही लहान गोष्ट नाही.

पण त्याच चाचांच्या सहीचा एक कागद माझ्या फाईलमध्ये आहे. २०२३ मध्ये माझ्या फेलोशिपचे पैसे पाच महिने आले नव्हते. फाईल कुठल्या कार्यालयात अडकली होती ते सांगत बसत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना ते ठाऊक आहे. खोलीचं भाडं थकलं तेव्हा मी आमच्या भागातल्या एका शैक्षणिक ट्रस्टकडे अर्ज केला. दान नको होतं, सहा महिन्यांसाठी कर्जे-हसना हवं होतं. अर्जात 'अभ्यासक्रम' या शब्दापुढे तीन चौकोन छापलेले होते. मेडिकल, इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा. मी बाजूच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं: खगोलभौतिकी, पीएच.डी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सदर अभ्यासक्रम ट्रस्टच्या यादीत बसत नाही. शेवटी मामूंनी टेम्पोच्या हप्त्यासाठी बाजूला काढलेले पंधरा हजार दिले.

चाचा वाईट माणूस नाहीत. त्यांनी नियम पाळला. माझं भांडण त्या नियमाशी आहे. चंद्रासाठी आम्हाला खगोलशास्त्र हवं आहे, पण ते शिकणाऱ्या मुलीसाठी आमच्याकडे चौकोन नाही. सरकारने एक दार लावून घेतलं आहे. त्याबद्दल आपण ओरडतो आणि ओरडलंच पाहिजे. पण दुसरं दार आपल्याच हातात आहे, आणि तेही बंदच आहे. हा लेख त्या दोन्ही दारांबद्दल आहे.

मी नेमकं करते काय?

नातेवाईकांमध्ये माझ्या कामाबद्दल दोन समजुती आहेत. एक, मी 'तारे बघते'. दोन, मी भविष्य सांगते. दुसरी खोडून काढण्यात माझी बरीच लग्नं, म्हणजे इतरांची लग्नं, खर्ची पडली आहेत.

मी पल्सार नावाच्या ताऱ्यांवर काम करते. सूर्यापेक्षा कितीतरी जड तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो, तेव्हा कधी कधी त्याचा गाभा एवढा दाबला जातो की सूर्याहून जास्त वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात मावतं. म्हणजे पुणे शहराएवढ्या जागेत एक अख्खा सूर्य. हा गोळा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा रेडिओ लहरींचा झोत फिरवतो. झोत पृथ्वीवरून गेला की आमच्या दुर्बिणीत एक ठोका उमटतो. काही पल्सार सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि त्यांचे ठोके अत्यंत नियमित असतात.

हे ठोके ऐकण्यासाठी फार दूर जावं लागत नाही. पुण्यापासून साधारण ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या. टोमॅटो आणि द्राक्षांच्या शेतांमधून ही तारांची विशाल ताटं आकाशाकडे तोंड करून उभी असतात. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभारली. पत्र्याचे जड तवे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक जाळीचे तवे केले. गरीब देशाने पैसा नाही म्हणून काम सोडलं नाही, कमी पैशात होणारी रीत शोधून काढली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे झाडलोट. मोबाईल टॉवर आणि विजेच्या तारांवरच्या ठिणग्या दुर्बिणीच्या कानात गोंगाट करतात. ताऱ्याकडून येणारा ठोका त्या गोंगाटाखाली दबलेला असतो. मी प्रोग्राम लिहून गोंगाट वेचते आणि फेकते. मग उरलेले हजारो ठोके एकावर एक रचते, तेव्हा कुठे एक स्वच्छ आकार दिसतो. दुसरा भाग म्हणजे हिशेब. ताऱ्यांमधल्या पोकळीत विखुरलेले इलेक्ट्रॉन असतात. त्यातून येताना कमी कंपनांच्या लहरी मागे पडतात आणि जास्त कंपनांच्या आधी पोहोचतात. हा उशीर नेमका मोजला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं. जीएमआरटी कमी कंपनांवर ऐकते, म्हणून हा उशीर मोजण्यात तिचा हात धरणाऱ्या दुर्बिणी जगात थोड्या आहेत.

२९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की पल्सारच्या ठोक्यांमधल्या सूक्ष्म फरकांतून अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा हाती येतो आहे. दूरच्या आकाशगंगांमध्ये महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात, त्यांच्या त्या लहरी असाव्यात. युरोपच्या गटाबरोबर त्यात भारतीय गट होता आणि त्याची मोजमापं खोडदची होती. माझं पीएच.डी.चं तेव्हा पहिलंच वर्ष होतं. त्या कामात माझा काडीचा वाटा नव्हता. पण त्या रात्री मी अब्बांना फोन करून सांगितलं की नारायणगावजवळून माणसाने विश्वाची थरथर मोजली. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथली मशीन कोण सांभाळतं? मेकॅनिक असेलच ना कोणीतरी." असतात अब्बा, फार चांगले असतात. त्यांच्याशिवाय एक ताट हलत नाही.

सरकारने लावलेलं दार

आता पैशाचं बोलू. सभ्य लेखांत पैशाचं बोलत नाहीत, म्हणून विद्यार्थी मधेच सोडून जातात.

पीएच.डी. पाच-सहा वर्षांचं काम आहे. राष्ट्रीय परीक्षेत वरचा क्रमांक आला तर जेआरएफ मिळते. जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार. पाच वर्षांचे बरोबर २४ लाख होतात. घरभाडं वेगळं. रक्कम वाईट नाही. पण ती मिळणारे मूठभर. बाकीचे परीक्षा पास होतात, संशोधनाला पात्र ठरतात आणि खिसा रिकामा असल्यामुळे परत जातात.

याच मधल्या पट्ट्यातल्या मुलांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत, हे त्याने देशासमोर मांडलं. त्यानंतर २००९ मध्ये ही फेलोशिप सुरू झाली. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, पारशी अशा सहाही अल्पसंख्याक समाजांतल्या मुलामुलींना ती मिळत असे. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की २०२२-२३ पासून ती बंद. कारण काय? इतर योजनांशी ती 'ओव्हरलॅप' होते.

ओव्हरलॅप म्हणजे एकावर एक चादर. ज्याच्या अंगावर दोन चादरी आहेत त्याची एक काढली तर चालेल. माझ्याबरोबर एमएस्सी केलेली एक मुलगी होती. माझ्यापेक्षा गणितात सरस. मी अडले की तिच्याकडे जायचे. परीक्षेत ती पात्र ठरली, पण जेआरएफची रेषा थोडक्यात हुकली. तिचा भरवसा मौलाना आझाद फेलोशिपवर होता. त्या डिसेंबरमध्ये तो संपला. तिच्या अंगावर कुठली दुसरी चादर होती? आज ती एका कोचिंग क्लासमध्ये नीटच्या मुलांना फिजिक्स शिकवते. उत्तम शिकवत असणार. पण कृष्णविवरांवर काम करू शकणारी मुलगी आज प्रकाशाच्या परावर्तनाचे बहुपर्यायी प्रश्न सोडवून देते, आणि याला बचत म्हणतात.

सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ मध्ये मुस्लिम विद्यार्थी पाच टक्क्यांहून कमी आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १४.२ टक्के होता. ही दरी पदवीच्या पातळीवरची. पीएच.डी.च्या वर्गात, त्यातही भौतिकशास्त्रात, ती किती रुंदावते हे पाहायला मला सर्वेक्षण लागत नाही. परिषदेत नावांची यादी वाचते तेव्हा कळतं.

पुण्यात खोली शोधताना सात घरमालकांनी नाव ऐकून 'नुकतीच गेली हो खोली' असं सांगितलं, तेही याच हिशेबात धरा. त्यांच्यापैकी एकाने मी कशावर काम करते हे कौतुकाने विचारलं, चहा दिला आणि मग खोली गेल्याचं सांगितलं. संशोधनाला लागणारी पहिली गोष्ट दुर्बीण नाही. रात्री परत यायला एक खोली लागते.

म्हणून सरकारकडे मागणं मागितलंच पाहिजे, आणि ते खैरात म्हणून नव्हे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमधून त्या त्या समाजातल्या संशोधकांना फेलोशिप मिळते. त्या मुलांनी त्यासाठी आंदोलनं केली, उपोषणं केली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' मंजूर केली. आपल्या नेत्यांना विचारा, तिच्यात मूलभूत विज्ञानाच्या पीएच.डी.साठी किती जागा मागितल्या? फलकाचं उद्घाटन मागितलं की फेलोशिप मागितली?

आपण लावलेलं दार

इथपर्यंत वाचून माना डोलावणं सोपं आहे. आता जरा अवघड भाग.

आपल्या कुठल्याही शैक्षणिक जलशाला जा. पहिला वक्ता इब्न अल-हैसमपासून सुरुवात करतो. मग ताऱ्यांची नावं येतात. अल्देबरान, रायगेल, वेगा, अल्तायर, सगळी अरबीतून आलेली. मग उलुग बेगची समरकंदची वेधशाळा. टाळ्या. मग मेडिकलला लागलेल्या मुलांचा सत्कार, शाल, ट्रॉफी, फोटो. कार्यक्रम संपतो. त्या सभेत मी दोनदा बसले आहे. व्यासपीठावर खगोलशास्त्राचं कौतुक चाललेलं असताना सभेतली एकमेव खगोलशास्त्राची विद्यार्थिनी मागच्या रांगेत बसून पुढच्या महिन्याच्या भाड्याचा विचार करत होती.

या अभिमानात एक गोष्ट कायम गाळली जाते. त्या माणसांना पगार कोण देत होतं?

चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर नावाचा माणूस होता. तो मुवक्कित होता. मुवक्कित म्हणजे नमाजच्या वेळा काढणारा, मशिदीच्या नोकरीतला खगोलशास्त्रज्ञ. ती नोकरी सांभाळत त्याने चंद्राच्या गतीची जी मांडणी केली, गणिताच्या दृष्टीने तीच मांडणी पुढे कोपर्निकसच्या पुस्तकात सापडते. इतिहासकार यावर आजही चर्चा करतात. तेराव्या शतकात, १२५९ मध्ये, नसिरुद्दीन तुसीच्या देखरेखीखाली मरागा इथे वेधशाळा उभी राहिली. तिच्या खर्चाला वक्फच्या उत्पन्नातून पैसा येत असे.

म्हणजे आपला वारसा नुसता हुशार माणसांचा नाही. मशिदीने खगोलशास्त्रज्ञाला पगार दिला, वक्फने वेधशाळेचा खर्च उचलला, हा खरा वारसा. वारशातली नावं आपण घेतली आणि खर्चाची वही फेकून दिली.

हिशेब पुरता करायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागेल. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीनची वेधशाळा १५७७ मध्ये उभी राहिली आणि १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली. आपल्या काळात डॉ. अब्दुस सलाम यांना १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या पाच वर्षं आधी त्यांच्या देशाने त्यांच्या जमातीला गैरमुस्लिम ठरवलं होतं. त्यांच्या कबरीच्या दगडावरचा 'मुस्लिम' हा शब्दसुद्धा खरवडून काढला गेला. मेल्यावर सातशे वर्षांनी आपण शास्त्रज्ञाला डोक्यावर घेतो. तो जिवंत असताना त्याला काय मिळतं, याची परीक्षा आपण अनेकदा नापास झालो आहोत.

'हे आपल्याला परवडतं का?'

मला सगळ्यात जास्त ऐकावा लागलेला आक्षेप हा आहे. तो फक्त आपल्या समाजात नाही. शेतकऱ्याच्या, विणकराच्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या प्रत्येक घरात तो आहे. "बेटा, पोरं शाळा सोडून गॅरेजमध्ये लागतायत, दंगलीत घरं जातायत, आणि तू कृष्णविवरं मोजतेस?"

आक्षेप खोटा नाही. ज्या घरात रेशनचा प्रश्न आहे तिथे पल्सार दुसऱ्या क्रमांकावरच येणार. पण हा आक्षेप घेणाऱ्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली. परवडण्याचा प्रश्न फक्त शिक्षणाच्या वेळीच का येतो? माझ्या चुलतभावाच्या लग्नाला अकरा लाख लागले. कर्ज काढलं. सातशे माणसं जेवली. तेव्हा कोणी म्हणालं नाही, "कौमला हे परवडतं का?" त्या अकरा लाखांत एका मुलीची पीएच.डी. जवळजवळ निम्मी झाली असती.

दुसरी. हाच प्रश्न खोडदच्या बाबतीत सगळ्या देशाला विचारता आला असता. गावात पाणी नाही आणि दुर्बिणी कशाला? त्यावरचं उत्तर पोलादी दोरांच्या जाळीत आहे. गरिबीने रीत बदलली, उद्देश सोडला नाही. आणि दुर्बिणीमुळे जे हात तयार होतात ते फक्त ताऱ्यांपुरते राहत नाहीत. ऑस्ट्रेलियात काही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ छोट्या कृष्णविवरांच्या स्फोटांचे संकेत शोधत होते. संकेत सापडले नाहीत. पण अंधुक संकेत स्वच्छ करण्याचं जे गणित त्यांच्या हाती बसलं, ते पुढे वाय-फाय घडवताना कामी आलं. आज मोहल्ल्यातली पोरं ज्यावर रील बघतात, त्यात त्या फसलेल्या शोधाचा वाटा आहे.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. उपयोगाच्या भाषेत मी उत्तर दिलं खरं, पण मनापासून मला ती भाषा मान्य नाही. गरिबाच्या मुलाने पोटापुरतंच शिकावं, कुतूहल श्रीमंतांच्या मुलांसाठी राखीव ठेवावं, हे कोणी ठरवलं? हे जातिव्यवस्थेचं म्हणणं आहे. अमक्याने अमुकच शिकावं हे आपल्याला दुसऱ्यांनी सांगितलं तर आपण चिडतो. मग अर्जावर तीनच चौकोन छापून आपण आपल्या मुलांना वेगळं काय सांगतो?

मुलींच्या बाबतीत आणखी एक आक्षेप येतो, तोही उघड बोलू. "रात्री-बेरात्री काम, लग्न कधी?" रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते, रात्रीही चालते. वेळ जशी मिळेल तशी घ्यावी लागते. नियंत्रण कक्षात खजूर खाऊन मी रोजा सोडला आहे आणि पहाटे तिथेच सहरी केली आहे. माझ्या शेजारी बसणारा सोलापूरचा मुलगा माझ्या घड्याळावर माझ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असायचा. कोणाचा दीन बुडाला नाही. लग्न होईल तेव्हा होईल. डॉक्टर मुलगी रात्रपाळी करते तेव्हा तिला 'खिदमत' म्हणतात. माझ्या रात्रपाळीला वेगळा शब्द का?

एक दान कसं द्यावं

पल्सार पहिल्यांदा सापडला तो एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला. जोसेलिन बेल, उत्तर आयर्लंडची मुलगी, केंब्रिजमध्ये शिकत होती. दुर्बीण उभारताना तिने स्वतः अंगमेहनत केली. मग यंत्रातून रोज निघणारा कित्येक मीटर लांबीचा कागद ती डोळ्यांनी तपासायची. १९६७ मध्ये त्या कागदावर तिला अगदी थोड्या जागेत एक विचित्र खरखर दिसली. दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. तिने सोडली नाही. नीट पाहिल्यावर ते दर १.३३ सेकंदांनी पडणारे ठोके निघाले. १९७४ चं नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकाला आणि आणखी एका शास्त्रज्ञाला. तिला नाही.

२०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. तिने ती सगळी रक्कम देऊन टाकली. कशासाठी? भौतिकशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या, पण ज्यांची संख्या तिथे कमी आहे अशा विद्यार्थ्यांसाठी. स्त्रिया, अल्पसंख्याक वंशांतली मुलं, निर्वासित. इमारत नाही, पुतळा नाही. विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च. जिला स्वतःला डावललं गेलं तिला नेमकं माहीत होतं की दार कुठे अडतं.

आपल्याकडे देणाऱ्यांची कमी नाही. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांतून जेवढा पैसा फिरतो तेवढा वर्षात कधी फिरत नाही. जकातीचे मसले उलेमांनी सांगावेत, मी सांगणार नाही. पण सदका, इमदाद, कर्जे-हसना यांना कोणी अडवलं आहे? वक्फच्या जमिनी वाचाव्यात म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. उतरलंच पाहिजे. पण वाचलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून काय होणार, हा प्रश्नही त्याच मोर्चात विचारायला हवा.

हिशेब सोपा आहे. ३७ घरांनी महिन्याला हजार रुपये काढले की एक जेआरएफ होते. एका मोहल्ल्यात ३७ घरं निघत नाहीत? निघतात. सराफ्यात, बागवानांत, गॅरेजवाल्यांत, आखाती देशांत गेलेल्या मुलांत सहज निघतात. ३७ घरांची एक मुलगी. ती गणितात असेल, खगोलशास्त्रात असेल, कदाचित कीटकांवर काम करत असेल. तिला दर महिन्याच्या एक तारखेला पैसे मिळतील आणि वर्षातून एकदा ती मोहल्ल्यात येऊन सांगेल की तिने काय शोधलं. तेव्हा जलशाला व्यासपीठावर इब्न अल-हैसमबरोबर बोलायला जिवंत माणूस असेल.

सरकारकडे फेलोशिप परत मागू. दार ठोठावत राहू. पण ते दार उघडेपर्यंत आपलं दार बंद ठेवायला सरकारने सांगितलेलं नाही.

चाचा हा लेख वाचतील. कोणीतरी त्यांना व्हॉट्सअपवर पाठवेलच. चाचा, रागावू नका. पुढच्या रमजानला एकोणतिसाव्या रोज्याला फोन करा, मी आधीसारखंच नीट हिशेब करून सांगेन. फक्त त्याआधी ट्रस्टचे अर्ज पुन्हा छापायला जातील, तेव्हा छापखान्यात एक निरोप द्या. तीन चौकोनांच्या खाली चौथा काढा, आणि त्याच्यापुढे लिहा: संशोधन.